रानपिंगळ्याचा खोटा सातबारा

‘एप्रिलमध्ये तोरणमाळचा घाट चढताना दोन्ही बाजूंना नुसते खराटे दिसले. हे जंगल संपले का? तिथे नवी झाडे लावायला नकोत का?’ असे एका वाचकाने विचारले आहे.

जंगल संपलेले नाही, ते पाणी वाचवते आहे. जमिनीतली ओल आटली की सागाला आपल्या हातभर पानांतून होणारे बाष्पीभवन परवडत नाही. म्हणून साग, सलई, मोई पाने टाकून मोकळे होतात. याच विरळ, उघड्या रानात रानपिंगळा राहतो. घुबडाच्या कुळातला असूनही तो दिवसाढवळ्या शिकार करतो. उघड्या फांदीवर बसून शेपटी झटकत सरडे, उंदीर, नाकतोडे टिपतो. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. याचे डोके जवळपास कोरे आणि पंखांवर, शेपटीवर ठळक पांढरे पट्टे.

पक्षिशास्त्रज्ञ ह्यूम यांनी 1873 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे जेम्स डेव्हिडसन या मुंबई इलाख्यातील सनदी अधिकाऱ्याने खानदेशात, शहाद्याच्या परिसरात त्याचे काही नमुने गोळा केले. 1884 नंतर मात्र तो कोणालाच सापडला नाही. अपवाद एकच. कर्नल रिचर्ड माइनर्टझहागेन यांच्या संग्रहात 1914 चा, गुजरातेतल्या मांडवीचा नमुना होता.

संग्रहालयातल्या पक्ष्याला बांधलेली चिठ्ठी म्हणजे त्याचा सातबारा. ठिकाण कोणते, तारीख कोणती, कोणी टिपला, सारे तिच्यावर असते. तीच खोटी निघाली, तर शोधणारा भलत्याच गटात कुदळ मारत बसतो. अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांना या कर्नलच्या संग्रहाचाच संशय होता. नमुन्यांचे एक्स-रे काढून त्यांनी आतली भरणी तपासली. मांडवीचा रानपिंगळा प्रत्यक्षात डेव्हिडसन यांचाच निघाला. ब्रिटिश संग्रहालयातून तो चोरला होता, नव्याने भरला होता आणि त्याला दुसरी चिठ्ठी बांधली होती!

रासमुसेन यांनी मांडवीवर फुली मारली आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणे गाठली. 25 नोव्हेंबर 1997 रोजी, शहाद्याजवळच्या टेकड्यांत, भर दिवसा रानपिंगळा समोर बसलेला दिसला. ‘113 वर्षांनी पुनर्शोध’ अशा बातम्या झाल्या. रासमुसेन आणि त्यांचे सहकारी बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांचे कौतुक रास्तच होते. पण ज्याने ठिकाण प्रामाणिकपणे लिहून ठेवले, त्या डेव्हिडसन यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. माझ्या मते निम्मे श्रेय त्यांचे आहे.

त्यानंतर मेळघाट, यावल, मध्य प्रदेशातील खकनार, 2014 मध्ये थेट तानसा अभयारण्यातही हा पक्षी सापडला. म्हणून 2018 मध्ये त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ झाला. याचा अर्थ पक्षी वाढले असा नव्हे, शोध वाढला. प्रौढ पक्षी आजही हजाराच्या आतच असावेत, असा अंदाज आहे.

त्याला झाडे हवीत, पण जुनी. रानपिंगळा स्वतः ढोली कोरू शकत नाही. सुतारपक्ष्याने कोरलेली किंवा खोड कुजून झालेली पोकळीच त्याच्या घरट्याच्या कामी येते. ‘वाळके, निरुपयोगी’ म्हणून पोकळ झाड तोडले की एक घर गेले, आणि नव्या रोपाला तशी ढोली व्हायला अनेक दशके लागतात. शेतीसाठी होणारी तोड आणि उन्हाळ्यातले वणवे हीच झाडे आधी संपवतात. त्यामुळे इथे खड्डे खणून रोपे लावण्यापेक्षा उभ्या म्हाताऱ्या झाडांना हात न लावणे अधिक मोलाचे आहे.

सातपुड्यात पक्षी पाहायला जाणाऱ्यांना एकच विनंती. रानपिंगळा दिसला तर ठिकाण, तारीख आणि झाडाची जात तिथल्या तिथे लिहा. ठिकाण अंदाजाने टाकू नका. घरट्याची जागा समाजमाध्यमांवर न टाकता वनविभागाला कळवा.