२१ हजारांच्या आत

सकाळी ६
चहाला उकळी यायच्या आत पहिला फोन येतो. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्या बायकांना बोलायला हीच वेळ सापडते. आज ऊसतोडीला जाणारी एक विधवा आहे. आमच्या बीड जिल्ह्यात कोयता धरायचा तो नवरा-बायकोनं मिळून. नवरा गेला की ती अर्धा कोयता होते. तिला नवी उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, कमी मिळते, जुनी मात्र पूर्ण मागितली जाते.

“ताई, मुकादम दारात बसलाय. नवऱ्याची उचल फेड, नाहीतर पोराला फडात पाठव म्हणतो.”

“पोरगा किती वर्षांचा?”

“चौदा.”

“पोरगा शाळेतच जाईल. मुकादमाला म्हणावं, हिशोबाची वही घेऊन परवा संस्थेच्या ऑफिसात या. तोवर कुठल्याही कागदावर अंगठा द्यायचा नाही.”

सकाळी ८:३०
रेशन दुकानापुढं रांग. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. २०२३ पासून तेही मोफत. पण खुरपून, ऊस तोडून बोटांच्या रेषा झिजल्या की मशीन अंगठा घेत नाही. मी शेजारी उभी राहते, दुसरं बोट लावून बघते. धान्य मिळालं की सांगते, “मावशी, पावती घ्या. पावतीवरचे किलो आणि पिशवीतले किलो सारखे पाहिजेत.”

सकाळी ११
तहसील. दिवसातला सगळ्यात मोठा वेळ इथं जातो, आणि जायलाच हवा. ए. आर. अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८० मध्ये संजय गांधी निराधार योजना आली. २०२३ पासून विधवेला, टाकून दिलेल्या बाईला महिन्याला १५०० रुपये मिळतात. त्यासाठी आधार, पासबुक, विधवा असेल तर नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, पंधरा वर्षांचा रहिवास एवढं लागतं. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखलाही लागतो.

गाडी अडते ती इथं. रोज ३०० रुपये धरला तर ७० दिवसांच्या मजुरीत २१ हजार होतात. उरलेल्या २९५ दिवसांत तिनं काय खायचं, हे त्या दाखल्यावर कुठंच लिहिलेलं नसतं. “बाई, रोज किती पडतो?” असं विचारलं की ती खरं तेच सांगते, आणि अर्ज मागं पडतो. खोटं लिहायला मी कुणालाही सांगत नाही. आम्ही प्रत्येकीला एक कॅलेंडर दिलंय. काम मिळालं त्या दिवसावर फुली मारायची. वर्षअखेरीस फुल्या मोजून ते अर्जाला जोडतो.

अर्ज दिला की पोच घेतोच. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं दाखल्यांना मुदत बांधून दिलीय. मुदत टळली की अपील. आवाज न चढवता, कागदावर.

दुपारी २
ऑफिसात सासरा, दीर आणि विधवा सून समोरासमोर. सातबाऱ्यावर सुनेचं नाव लावायचं नाही, असं दिराचं म्हणणं. मी १९५६ चा हिंदू वारसा कायदा समजावते : नवऱ्याच्या वाट्यात बायको, मुलं आणि सासू यांचा हिस्सा सारखा. सासूचंही नाव निघतंय म्हटल्यावर सासरे विचारात पडतात. तासाभरानं म्हणतात, “वारस नोंदीचा अर्ज करा, मी आडवा येणार नाही.”

दुपारी ४
हिशोब, व्हाउचर, देणगीदारांचे अहवाल. कार्यकर्त्यांचे पगार वेळेवर झाले पाहिजेत. दुसऱ्यांच्या मजुरीसाठी भांडणाऱ्या संस्थेनं आधी आपल्या माणसांची मजुरी द्यावी. बायकांसोबतचं हे काम मी १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शिकले. घरबांधणीच्या योजनेची माहिती पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या बायकांपर्यंत पोचवायची होती. ज्यांना नियम कळले त्यांनी गवंड्याला जाब विचारला, पाया खणताना स्वतः उभ्या राहिल्या. वाटप संपतं, माहिती टिकते, हे मला त्या बायकांनी दाखवलं.

संध्याकाळी ७
मंदिराच्या ओट्यावर एकल महिलांची बैठक. आज शिकवणारी मी नाही. गेल्या वर्षी पेन्शन मंजूर झालेली एक आक्का दोघींना अर्ज भरून दाखवतेय. “भाऊसाहेब उद्या या म्हणाले तर काय करायचं?” एकीनं विचारलं. आक्का म्हणाली, “उद्याची तारीख पोचेवर लिहून मागायची.” माझ्या कामाचं माप मी याच्यावर धरते : किती जणी माझ्यावाचून तहसीलच्या खिडकीपाशी उभ्या राहतात.

रात्री ९:३०
आमदारांना द्यायचं निवेदन लिहायला घेते. मागणी एकच आहे : उत्पन्नाची मर्यादा मजुरीच्या दराशी जोडा आणि दर वाढला की तीही वाढवा. सोबत, नावं झाकून, कॅलेंडरांच्या प्रती. एकेक अर्ज मंजूर करून घेणं गरजेचंच आहे. पण अट तीच राहिली तर पुढच्या वर्षी तितक्याच बाया त्याच खिडकीवरून परत जातील. हिवाळी अधिवेशनाआधी हा कागद पोचायला हवा, म्हणून आजच पुरा करते.