कोबोलला कोरी जागा कळत नाही

शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातल्या पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप झाले. आधारची स्वतःची यंत्रणा नव्या पिढीची. पण हा बारा आकडी क्रमांक एखाद्या जुन्या प्रणालीत नोंदवायचा म्हटले की पहिल्याच पायरीला ठेच लागू शकते. पूर्णांकासाठी ठेवलेल्या चार बाइटच्या रकान्यात सुमारे 214 कोटींपर्यंतचीच संख्या मावते, म्हणजे जेमतेम दहा आकडे. उपाय सोपा आहे: क्रमांक बारा अक्षरांचा मजकूर म्हणून साठवायचा. आधार क्रमांकांची बेरीज कुणालाच करायची नसते.

पुढचे पेच अवघड आहेत. जगभरातल्या अनेक बँका आणि विमा कंपन्यांचे व्यवहार आजही कोबोलवर चालतात. ही भाषा 1959 ची. डेटाबेसला प्रश्न विचारणारी एसक्यूएल आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी 1974 मध्ये मांडली. दोघींची गाठ पडली ती कोबोलच्या प्रोग्राममध्येच एसक्यूएलची वाक्ये लिहून. एसक्यूएल एका दमात शेकडो ओळी शोधते, कोबोल एका वेळी एकच ओळ हातात घेते. म्हणून मध्ये ओळी एकेक करून पुढे देणारा ‘कर्सर’ लागतो.

खरी अडचण कोऱ्या जागेची. समजा, धडगावच्या डोंगरातल्या एका आजींची जन्मतारीख कुठेच नोंदलेली नाही. डेटाबेस तिथे ‘नल’ ठेवतो, म्हणजे ‘माहिती नाही’. कोबोलच्या साध्या रकान्यात शून्य बसते, मोकळी जागा बसते, पण ‘माहिती नाही’ बसत नाही. डीबी2 हा डेटाबेस अशा वेळी उणे 305 हा त्रुटी क्रमांक देतो आणि ती ओळ प्रोग्रामच्या हाती लागत नाही. यावर उपाय म्हणजे प्रत्येक रकान्यासोबत एक छोटा दर्शक रकाना. त्यात उणे एक आले की तारीख नाही असे समजायचे आणि ते प्रकरण माणसाने तपासायचे.

घाईत असलेले प्रोग्रामर एसक्यूएलमध्येच ‘नल’च्या जागी 1 जानेवारी 1900 अशी तारीख भरून मोकळे होतात. मग वय शंभरीपार निघते आणि एखाद्या योजनेची 65 वर्षांची अट कुणीही न तपासता पूर्ण होते. रकमेच्या रकान्यात शून्य एकवेळ खपून जाईल. माणसाच्या वयाशी असा खेळ करू नये.

यादीचा प्रश्नही असाच. आज फक्त अक्कलकुवा आणि अक्राणीची माहिती हवी, उद्या नंदुरबार जिल्ह्यातल्या सहाही तालुक्यांची. प्रोग्राममध्ये आधीच लिहून ठेवलेल्या वाक्यात तालुक्यांच्या जागा मोजक्याच असतात. जुने जाणकार सहा जागा ठेवतात आणि उरलेल्या चारांत अक्राणीच पुन्हा भरतात. उत्तर बिघडत नाही. चालू प्रोग्राममध्येच वाक्य जुळवण्याची सोयही आहे, मात्र बाहेरून आलेला मजकूर त्यात तसाच चिकटवला तर घुसखोरीला वाट मिळते. त्याहून चांगले म्हणजे यादी वेगळ्या टेबलात ठेवून जोडणे. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. अशा फेरबदलात मग टेबलातल्या ओळी बदलल्या की काम भागते, प्रोग्राम पुन्हा कंपाइल करावा लागत नाही.