पेठ चुकलं की पेण?

एक्सेलमध्ये एफ७ दाबलं की शुद्धलेखन तपासणारी चौकट उघडते. हे पुष्कळांना माहीत नसतं, कारण वर्डमध्ये चुकलेल्या शब्दाखाली आपोआप उमटणारी लाल नागमोडी रेघ एक्सेलच्या रकान्यात उमटतच नाही. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये ती सोय आहे. एक्सेलमध्ये मात्र मुद्दाम विचारावं लागतं, आणि शीट पासवर्ड घालून बंद केलेलं असेल तर तेही जमत नाही. मग कोणीतरी मॅक्रो लिहितो: कुलूप काढ, तपास, पुन्हा कुलूप लाव.

मॅक्रो लिहायची व्हीबीए ही भाषा एक्सेलमध्ये १९९३ साली आली. तिच्यात ‘चेकस्पेलिंग’ नावाची एक आज्ञा आहे. तिला एक शब्द द्यायचा. तो शब्दकोशात असेल तर ‘ट्रू’, नसेल तर ‘फॉल्स’ असं उत्तर येतं. मॅक्रो एकेका सेलमध्ये जातो, सूत्रं आणि आकडे सोडून देतो, मजकुराचे शब्द सुटे करतो, प्रत्येकाची चौकशी करतो आणि ‘फॉल्स’ आलं की तो सेल पिवळा रंगवतो. एकच शब्द हजार ओळींत आला असेल तर हजारदा विचारण्यात वेळ जातो, म्हणून मिळालेली उत्तरं लक्षात ठेवायची तजवीज करतात. वीस-पंचवीस ओळींत काम होतं.

या आज्ञेला भाषा कळते असा समज मात्र करून घेऊ नये. ती फक्त यादी पाहते. अशा याद्यांचा इतिहास जुना आहे. १९७१ साली स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत राल्फ गोरिन यांनी ‘स्पेल’ हा प्रोग्रॅम लिहिला. पुढे बेल लॅब्जमध्ये डग मॅकिलरॉय यांनी युनिक्सच्या तपासनिसासाठी अख्खा शब्दकोश ६४ किलोबाइट स्मृतीत दाबून बसवला. शब्दाचे प्रत्यय काढून टाकायचे, मूळ शब्द तेवढा यादीत शोधायचा, ही त्यातली मुख्य युक्ती होती. यादी कितीही मोठी केली तरी एक दोष राहतोच. दिन आणि दीन, सुत आणि सूत हे सगळे शब्द कोशात आहेत, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा पडला तरी उत्तर ‘ट्रू’च येणार. यादी फुगवत नेली तर अशा निसटणाऱ्या चुका उलट वाढतात.

मराठीत प्रत्यय काढणंही सोपं नाही. ‘गरीब’ला प्रत्यय लागला की ‘गरिबाला’ होतं, मधली वेलांटी ऱ्हस्व होते. ‘शरीर’चं मात्र ‘शरीराला’च राहतं, कारण तो शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे. म्हणजे तपासनिसाला शब्दाचं कुळही माहीत हवं. ‘शेरा’ या रकान्यातली वाक्यं तपासायची तर हे सगळं आलंच.

पण स्प्रेडशीटमध्ये वाक्यं असतात किती? बहुतेक रकाने नावांचे असतात: जिल्हा, तालुका, गाव, पीक, खातं. इथे माझ्या मते शब्दकोशाचा प्रश्नच गौण आहे. ‘कोल्हापूर’ हे काही ओळींत ‘कोल्हापुर’ असं पडलं की पिव्हट टेबलमध्ये दोन कोल्हापूर उभे राहतात आणि प्रत्येकाची बेरीज अपुरी येते. उकार चुकला याचं दुःख व्याकरणाला. हिशेबाला दुःख आहे ते एकाच जिल्ह्याचे दोन झाल्याचं. सगळ्यांनी एकजात ‘कोल्हापुर’ लिहिलं असतं तर बेरीज बिनचूक आली असती. तेव्हा मॅक्रोने शब्द कोशात आहे का यापेक्षा आपल्या रकान्यातल्या इतर शब्दांशी जुळतो का, हे विचारावं.

त्यासाठी लागणारं गणित साठ वर्षांपूर्वीचं आहे. आयबीएममधले फ्रेड डॅमेराव यांनी १९६४ साली दाखवलं की टंकलेखनातल्या ८० टक्क्यांहून जास्त चुका चार प्रकारांत बसतात: एक अक्षर जास्त पडणं, एक गळणं, एकाच्या जागी दुसरं येणं, किंवा शेजारच्या दोघांची अदलाबदल. पुढच्याच वर्षी रशियात व्लादिमिर लेव्हेनश्टाइन यांनी पहिल्या तीन क्रियांवर आधारलेलं शब्दांमधलं अंतर मांडलं. एका शब्दाचा दुसरा करायला कमीत कमी किती बदल लागतात, तेवढं अंतर.

संगणक अक्षरं मोजतो ती आपल्यासारखी नव्हे. ‘कोल्हापूर’ आपल्याला चार अक्षरी वाटतं. युनिकोडमध्ये क, काना-मात्रा, ल, हलन्त, ह, काना, प, उकार, र अशी नऊ चिन्हं होतात. दोन कोल्हापुरांमधलं अंतर एक, बीड आणि बिड यांचंही एक. मॅक्रोला सांगायचं की रकान्यात शेकडो वेळा आलेल्या नावापासून एकाच्या अंतरावर दोन-तीनदाच आलेलं नाव दिसलं तर ते रंगव. मर्यादा दोनपर्यंत वाढवण्याचा मोह होतो, पण तो आवरावा: पुणे आणि ठाणे यांच्यातलं अंतर बरोबर दोन आहे.

आता खरी मराठी अडचण. व्हीबीएच्या संपादकात देवनागरी टंकता येत नाही. क, ख, ग लिहायला जावं तर प्रश्नचिन्हं उमटतात, कारण तो संपादक युनिकोडच्या आधीच्या काळातला आहे. प्रत्येक अक्षराचा क्रमांक देऊन (‘क’चा २३२५) काम भागतं, पण नोंदी ताडून पाहायला लागणारी छत्तीस जिल्ह्यांची नावं कोडमध्ये तशी लिहिणं म्हणजे शिक्षाच. त्यापेक्षा मान्य नावांची यादी वेगळ्या शीटवर ठेवावी आणि मॅक्रोने ती तिथून वाचावी. यात आणखी एक सोय होते: नाव बदललं की यादीत बदल करायचा, कोडला हात लावायचा नाही. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. जुन्या-नव्या नावांतलं अंतर मोजून काहीच हाती लागणार नाही. तिथे ‘जुनं’ आणि ‘मान्य’ असे दोन रकाने समोरासमोर हवेत.

डोळ्यांना न दिसणाऱ्या चुकाही असतात. नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा ‘ट्रिम’ने जाते, पण वेबवरून चिकटवलेल्या मजकुरातली न तुटणारी मोकळी जागा, क्रमांक १६०, ‘ट्रिम’ला दाद देत नाही; ती वेगळी काढावी लागते. ‘कऱ्हाड’मधला ऱ्ह निरनिराळ्या चिन्हांनी लिहिता येतो: काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र चिन्ह देतात, तर काही र, हलन्त आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही एकसारखे, मॅक्रोच्या लेखी दोन वेगळी गावं. शिवाय ‘कराड’ आहेच. त्यामुळे तुलना करण्याआधी सगळी रूपं एका साच्यात आणणं भाग आहे.

महाराष्ट्रात चाळीस हजारांहून जास्त गावं आहेत. दहा हजार वेगळ्या नोंदी त्यांच्याशी ताडायच्या तर चाळीस कोटी तुलना होतील आणि व्हीबीए दमून जाईल. ज्या दोन नावांच्या लांबीत एकापेक्षा जास्त फरक आहे, त्यांचं अंतर एक असूच शकत नाही. त्यांना आधीच वगळलं की काम पुष्कळ हलकं होतं.

मॅक्रोने रंगवावं, दुरुस्त करू नये, हा माझा आग्रह. मॅक्रो चालला की आधीचं ‘अनडू’ पुसलं जातं. कंट्रोल-झेड दाबून काही परत येत नाही. आणि पेठ हा नाशिकचा तालुका, पेण रायगडचा. अंतर एक. स्वतःच्या बुद्धीने दुरुस्ती करणारा मॅक्रो डोंगरातल्या पेठेला खाडीकाठी नेऊन ठेवील. इथे शेजारचा रकाना उपयोगी पडतो: जिल्हा रायगड आणि तालुका पेठ अशी जोडी दिसली तरच रंग द्यायचा. खेड मात्र पुण्यातही आहे आणि रत्नागिरीतही, दोन्हीकडे तालुकाच. जिल्ह्याचा रकाना रिकामा असेल तर अशा ओळीवर कोणताच तपासनीस बोट ठेवू शकत नाही. पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला आणि गावाला स्वतंत्र कोड दिलेला आहे. नावाशेजारी तो लिहिलेला असेल तर या दोन खेडांची गल्लत होत नाही.