तबकडीवरील नांव

संगीताचा षोक असलेल्या मंडळींत सामान्यतः दोन पंथ आढळतात. बैठकीचें गाणें तेवढेंच खरें गाणें, असें पहिला पंथ मानतो. दुसऱ्याला जें कानाला गोड लागेल तें सर्वच गाणें वाटतें. आमच्या अंधेरीच्या घरांत हे दोन्ही पंथ एकाच छपराखालीं नांदत असत. आजोबा पहिल्या पंथाचे. बालगंधर्व, मास्तर कृष्णराव, हिराबाई बडोदेकर यांच्या तबकड्या ते स्वतःच्या हातानें पुसून ठेवीत. सिनेमाच्या गाण्यांचा उल्लेख त्यांच्या तोंडून निघे तो केवळ निषेधासाठीं. दुसऱ्या पंथाच्या घरांतील एकमेव अनुयायी म्हणजे आमच्या आत्या. त्यांचा गळा चांगला आहे हें सर्वांस ठाऊक होतें. पण हळदीकुंकवाच्या समारंभापलीकडे तो कधीं कोणाच्या कानीं गेला नाहीं.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईंत आम्हीं माळ्यावरची एक पत्र्याची पेटी खालीं काढली. वरच्या थरांत आजोबांच्या तबकड्या होत्या. तळाशीं मात्र जुन्या नऊवारीच्या तुकड्यांत गुंडाळलेली एक वेगळी तबकडी आणि एक वही निघाली. तबकडी होती 'महल' ह्या १९४९ सालच्या बोलपटांतील त्या सुप्रसिद्ध गाण्याची; ओसाड वाड्यांत कोणी झोपाळ्यावर बसून साद घालीत आहे, असा भास करून देणारें तें गाणें आमच्या बहुतेक वाचकांनीं ऐकलेंच असेल. परंतु गायिकेच्या जागीं नांव छापलेलें होतें 'कामिनी'!

ही कामिनी कोण? ती गायिका नव्हेच. मधुबालेनें रंगविलेल्या नायिकेचें तें नांव. गाणाऱ्या होत्या विशीच्या उंबरठ्यावरील लता मंगेशकर. पडद्यामागून गाणाऱ्याचें नांव तबकडीवर छापण्याची चाल त्या वेळीं पुरती रूढ झाली नव्हती. गाणें रेडिओवर लागूं लागलें तेव्हां हा आवाज कोणाचा, असें विचारणारीं पत्रें श्रोत्यांकडून येऊं लागलीं, आणि मग तें नांव लोकांना कळलें.

आत्यांच्या वहींत हा सर्व इतिहास एका ओळींत उमटला आहे. त्यांनीं पानांवर चार रकाने आंखले होते: गीत, बोलपट, गायक, संगीत. कित्येक ओळींत तिसरा रकाना कोराच आहे. 'महल'च्या ओळींत प्रथम काळ्या शाईनें 'कामिनी' असें लिहून पुढें प्रश्नचिन्ह घातलें आहे. तें खोडून नंतर निळ्या शाईनें 'लता मंगेशकर' असें लिहिलें आहे. आजोबांच्या नकळत, एकटीनें चालविलेला केवढा हा व्यासंग! तो पाहून आम्हांस कौतुक वाटलें आणि थोडी लाजहि वाटली. आत्या हयात असतांना त्यांना ह्याविषयीं आम्हीं कधीं एक प्रश्नहि विचारला नव्हता.

त्या वहीचें बोट धरून आम्ही गेले कांहीं महिने जुनीं गाणीं ऐकत आहों. त्यांतून हातीं लागलेले तीन शोध वाचकांपुढें ठेवावेसे वाटतात.

पहिला शोध असा, कीं 'महल' निर्माण झाला तो आमच्या घरापासून चार स्टेशनांच्या आंत, मालाडला! हिमांशु राय व देविका राणी यांनीं १९३४ सालीं स्थापिलेल्या 'बाँबे टॉकीज'चा हा बोलपट. ह्या संस्थेच्या कामासाठीं लताबाई लोकलनें मालाडला येत व पुढें टांगा करीत. गाण्याच्या प्रारंभीं आवाज दुरून जवळ येतो, ही किमया कोणत्याहि यंत्राची नव्हे. मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागीं ठेवला होता. लताबाई कोपऱ्यांत उभ्या राहून गाऊं लागल्या आणि गातां गातां एकेक पाऊल पुढें टाकीत मायक्रोफोनपाशीं आल्या. चाल बांधणारे खेमचंद प्रकाश १९५० सालीं, म्हणजे बोलपट लागल्यावर वर्षाच्या आंतच वारले.

दुसरा शोध सरस्वतीदेवींचा. मालाडच्या ह्याच संस्थेच्या आरंभींच्या बोलपटांना संगीत देणाऱ्या ह्या बाई म्हणजे आपल्या देशांतील आद्य स्त्री-संगीतदिग्दर्शकांपैकीं एक. त्यांचें खरें नांव खुर्शीद मिनोचर-होमजी. पंडित भातखंडे यांच्या पद्धतीचें शिक्षण घेतलेली ही पारशी तरुणी १९३५ सालीं बोलपटांत आली तेव्हां तिच्या समाजांतील कांहीं मंडळींनीं मोठा गहजब केला, आणि तिला परकें नांव धारण करावें लागलें. 'अछूत कन्या' (१९३६) मध्यें तिला गाऊन घ्यावयाचें होतें तें देविका राणी आणि प्रयोगशाळेंतून नुकतेच कॅमेऱ्यापुढें आलेले अशोककुमार यांच्याकडून. दोघेहि गवई नव्हेत. त्यांच्या गळ्याला पेलतील अशा साध्या, सरळ चाली तिनें रचिल्या. आणि त्या साधेपणामुळेंच त्या घरोघर गुणगुणल्या गेल्या. साधी चाल म्हणजे हलकी चाल नव्हे, हें ह्या एका उदाहरणावरून पटावें.

तिसरा शोध गोव्याचा आहे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे मुंबईच्या चित्रपटसृष्टींतील व्हायोलिनवादक व वाद्यमेळाचे रचनाकार. संगीतदिग्दर्शक चाल देई. पण व्हायोलिनांनीं काय वाजवावें, बासरी कोठें यावी, हें सर्व स्वरलिपींत उतरवून देणें हें त्यांच्यासारख्यांचें काम. गोव्यांतील चर्चच्या शाळांतून पाश्चात्य स्वरलेखन शिकून आलेल्या अनेकांनीं तें केलें. गोन्साल्विस यांनीं १९५८ सालीं रागांवर आधारलेल्या स्वतःच्या वाद्यवृंदरचनाहि मुंबईंत सादर केल्या. त्यांच्याजवळ व्हायोलिन शिकलेले प्यारेलाल यांनीं 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधील एका गमतीदार गाण्यांत गुरूंचें नांव गोंविलें. दैवाची थट्टा पाहा! नांव साऱ्या देशाच्या ओठीं, आणि तें एका खऱ्या माणसाचें आहे हें लाखांत एखाद्यालाच ठाऊक!

आजोबांच्या पंथाचीहि बाजू आहे, आणि ती आम्ही टाकून देत नाहीं. चित्रपटांतील पुष्कळ गाणीं चार दिवसांचीं पाहुणीं असतात. हें जाणूनच १९५२ सालीं तेव्हांचे नभोवाणीमंत्री डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, जे स्वतः संगीताचे जाणकार होते, यांच्या धोरणानें सरकारी रेडिओवरील चित्रपटगीतें बंद झालीं. परिणाम काय झाला? श्रोत्यांनीं रेडिओचा कांटा सिलोनकडे फिरविला, आणि १९५७ च्या ऑक्टोबरांत 'विविध भारती' सुरू करून तीं गाणीं परत आणावीं लागलीं. योगायोग असा, कीं त्याच १९५२ सालीं आमच्या अंधेरीच्या 'प्रकाश पिक्चर्स'नें 'बैजू बावरा' काढला. त्यांत द. वि. पलुसकर आणि उस्ताद अमीर खाँ एकत्र गायले. आजोबांच्या बैठकीचें गाणें आणि आत्यांच्या आवडीचें गाणें एकाच तबकडीवर आलें!

ह्यावरून आम्हांस वाटतें तें एवढेंच, कीं गाणें लोकप्रिय आहे म्हणून तें टाकाऊ ठरत नाहीं आणि थोरहि ठरत नाहीं. निवाडा करण्यापूर्वीं तें कोणीं बांधलें, कोणीं गायलें, कोणीं वाजविलें, एवढें तरी विचारावें. ज्याचें नांव आपण विचारतों त्याचें काम आपण लक्ष देऊन ऐकतों. आणि लक्ष देऊन ऐकलें म्हणजे बरें-वाईट आपोआप निवडतां येतें. आज घरांतील मुलांच्या मोबाइलवर हजारों गाणीं क्षणांत हजर होतात. 'बंद कर तें' असें म्हणण्याऐवजीं 'हें कोणाचें रे?' असें एकदां विचारून पाहावें. आमच्या घरीं ह्या प्रश्नानें मुलांशीं बोलण्याची एक नवी वाट उघडली. आमच्या नातीनें तर आत्यांच्या वहीच्या उरलेल्या पानांवर 'वाद्यमेळ' असा पांचवा रकाना आंखला आहे, आणि तो भरण्याचें काम चालूं आहे.

वहीच्या पहिल्या पानावर आत्यांनीं स्वतःचें नांव घातलें नव्हतें. तें मात्र आम्हीं आमच्या हातानें लिहिलें.