दंतवैद्याच्या खुर्चीत रामनाम

‘रूट कॅनाल’ ऐकताच सासूबाईंच्या पोटात गोळा आला. लवंग दाबून त्यांनी दोन महिने दुखणं अंगावर काढलं. कीड मात्र मुळाशी पोहोचली, गाल सुजला. अखेर खुर्चीत बसल्या त्या मनातल्या मनात रामनाम घेत. भुलीची सुई टोचली तेव्हाही जप थांबला नाही.

ही नुसती समजूत नव्हे. इटलीत झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २३ निरोगी माणसांनी ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना व मंत्र म्हटले, तेव्हा त्यांचा श्वास मिनिटाला सुमारे ६ वेळा, इतका संथ झाला.

अर्थात, नामस्मरण भुलीची जागा घेत नाही. मधुमेह, रक्तदाब, चालू औषधं डॉक्टरांना आधीच सांगा. दुखल्यास हात वर करण्याची खूण ठरवा. मग खुशाल देवाला हाक मारा!