गोदामातील धावता पट्टा आणि आपला माल

१ जुलै २०१७ पासून देशात जीएसटी लागू झाला. दर राज्यात वेगळे गोदाम ठेवण्याची कंपन्यांची गरज कमी झाली आणि मोजक्या ठिकाणी प्रचंड गोदामे उभी राहिली. यंत्रमागांची भिवंडी आज गोदामांसाठीही ओळखली जाते. अशा मोठ्या गोदामांत माल निवडण्याचे काम आता धावता पट्टा करू लागला आहे.

त्याची रीत सोपी आहे. पार्सल पट्ट्यावर चढते. स्कॅनर त्यावरील बारकोड वाचतो, यंत्र वजन आणि लांबी-रुंदी-उंची टिपते. पार्सल नागपूरचे की सुरतचे, हे संगणक ठरवतो आणि नेमक्या जागी ते बाजूच्या घसरणीवर ढकलले जाते.

व्यापारी बांधवांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हमाल पुसट पत्ताही लावून घेई. यंत्र मुरव्वत करीत नाही. चिठ्ठी चुरगळली, शिवणीवर चिकटवली किंवा सुतळी लोंबत राहिली, की पार्सल बाजूला पडते आणि माल उशिरा पोहोचतो. वजन कमी लिहिले तर फरकाचे भाडे वसूल होते. मापात खोट न करण्याची ताकीद दीनने आपल्याला केव्हाच दिली आहे. आता यंत्रही तेच मागते.

राहिला प्रश्न हमालांच्या रोजीचा. पाठीवर ओझे वाहण्याचे काम घटणार. पण पट्ट्याची मोटर, बेअरिंग, स्कॅनर सांभाळायला माणूस लागतोच. ज्या घरांत यंत्रमागाचे जॉबर झाले, तिथे हे हुन्नर परके नाही. गरजू हमालांच्या मुलांची आयटीआयची फी जमातींनी बैतुलमालमधून भरावी. हे काम आजच हाती घ्यायला हवे.