तुरुंगांत येणारें पत्र

आपल्याकडील पुष्कळ मुलें-मुली आज ऑस्ट्रेलियांत वास्तव्य करून आहेत; म्हणून तेथील एका कायद्याची ओळख असलेली बरी. १९५८ च्या स्थलांतर कायद्याच्या ५०१ व्या कलमान्वयें, १२ महिने वा अधिक कारावासाची शिक्षा झालेला परकीय नागरिक ती तुरुंगांत पूर्णवेळ भोगीत असेल, तर त्याचा व्हिसा रद्द करणें २०१४ च्या डिसेंबरपासून बंधनकारक आहे. वीस वर्षें तेथें घर केलें, तरी तें टळत नाहीं. त्याचें म्हणणें ऐकतात तें रद्द केल्यानंतर! मला ही रीत उफराटी वाटते.

म्हणणें मांडण्यास २८ दिवस मिळतात. मुदत वाढत नाहीं. न्यायालयानें दोषी ठरविलें तें चूक, असें लिहिण्यांत शाई व्यर्थ जाते. विचार होतो तो गुन्ह्याचें गांभीर्य, तो पुन्हां घडण्याचा संभव, अज्ञान मुलांचें हित, त्या देशाशीं जडलेले संबंध ह्यांचा. तेव्हां पत्नीचीं, मालकाचीं, मुलांच्या शिक्षकांचीं पत्रें जोडावीं. ‘स्वभावानें गरीब’ एवढ्यानें भागत नाहीं.

अधिकाऱ्यानें नकार दिल्यास २०२४ सालीं स्थापन झालेल्या प्रशासकीय पुनर्विलोकन न्यायाधिकरणाकडे जातां येतें. मुदत अवघी ९ दिवसांची. मंत्र्यानें स्वतः नाकारलें असेल, तर हें दार बंद; मग संघीय न्यायालय उरतें, आणि तें कायद्याची चूक तेवढी पाहतें.

मध्यंतरीं शिक्षा संपली, तरी माणूस बहुधा घरीं येत नाहीं. त्याला स्थानबद्धता केंद्रांत नेतात. पत्र हातीं पडल्याची तारीख त्यावरच लिहून ठेवावी. गणना तेथूनच होते.